मदत हवी आहे: हायपरस्पेस – गणितातलं आणि विज्ञानकथेतलं एकच का?

शेवपरमल, इंदूर

नमस्कार मंडळी,

रामबागेत आमचा एक छोटा गट आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी जमतो, कुणीतरी विषय मांडतं, मग पोहे आणि वादावादी. या खेपेला पाळी माझी, आणि उत्साहाच्या भरात मी 'हायपरस्पेस' हा विषय सांगून बसले आहे. बोलायची धास्ती नाही, प्रश्नांची आहे. कॅटमधून (इथल्या लेसर-प्रवेगकांच्या संशोधन संस्थेतून) निवृत्त झालेले एक काका पहिल्या रांगेत असतात. ते "ताई, एक शंका" म्हणाले की भल्याभल्यांची गाळण उडते.

मी कॉमर्सची, विज्ञानकथांचं वेड मात्र जुनं. माझ्या डोक्यातलं हायपरस्पेस म्हणजे चौथी मिती, तिच्यातून यान शॉर्टकट मारतं. घरी हे बोलून दाखवलं तर मुलगी (गणितात एमएस्सी करतेय) म्हणाली, "आई, आमच्या टोपोलॉजीत हायपरस्पेस म्हणजे एखाद्या अवकाशाच्या सगळ्या बंद उपसंचांचा मिळून झालेला अवकाश. त्यात यान नसतं." एवढं सांगून ती परीक्षेच्या अभ्यासाला बसली, पुढचं विचारायची सोय नाही. भाचा म्हणतो, तारे लांब रेघांसारखे दिसायला लागले की समजायचं, हायपरस्पेस आलं.

तर मदत अशी हवी आहे. मुलीचं हायपरस्पेस आणि चौथ्या मितीवालं, यांचं एकमेकांशी काही नातं आहे का, की नुसतं नाव सारखं? आणि जास्तीची मिती मिळाली की अंतर कमी का व्हावं? हे दुसरं मला कुठेच नीट सापडत नाहीये. जो तो कागद दुमडतो, पेन आरपार घालतो आणि पुढे जातो. कागद दुमडला हे ठीक, पण आकाश कुणी दुमडलं?

फळ्यावर दाखवण्याजोगं काही असेल तर सोन्याहून पिवळं. प्रोजेक्टर नाही.

खडूफळा

ताई, लेकीचंही बरोबर आहे आणि तुमचंही.

तीनपेक्षा जास्त मितींची भूमिती एकोणिसाव्या शतकातली. गणितज्ञ ग्रासमानचं पुस्तक १८४४ चं, रीमानचं ग्यॉटिंगेनमधलं व्याख्यान १० जून १८५४ चं. त्यात गूढ काही नाही: बिंदू सांगायला तीनऐवजी चार आकडे आणि अंतर काढायला चार वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. एक मीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण √२, घनाचा √३, चार मितींच्या घनाचा √४, म्हणजे बरोब्बर २ मीटर. त्याला १६ कोपरे, ३२ कडा. शंभर मितींत बाजू तीच एक मीटर आणि कर्ण १० मीटर. हे सांगितलंत की लोक सावरून बसतात.

लेकीचा अर्थ टोपोलॉजीतला (आकार ताणले-वाकवले तरी काय टिकतं, त्याचं गणित), विसाव्या शतकातला, हाउसडॉर्फ आणि व्हिएटोरिस या गणितज्ञांच्या नावांशी जोडलेला. (व्हिएटोरिस ११० वर्षं जगले, २००२ मध्ये गेले. विषयाशी संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) कल्पना अशी की मूळ अवकाशातली अख्खी आकृती आता एकच बिंदू धरायची.

फळ्यावर ० ते १ असा रेषाखंड काढा. त्याचे तुकडे घ्या: ०.२ ते ०.५, ०.३ ते ०.९, कुठलेही. प्रत्येक तुकडा दोन आकड्यांनी ठरतो, सुरुवात आणि शेवट. सुरुवात आडव्या अक्षावर मांडा, शेवट उभ्या अक्षावर. शेवट सुरुवातीच्या आधी येऊ शकत नाही, म्हणून चौरसाचा वरचा अर्धाच भाग भरतो आणि समोर त्रिकोण उभा राहतो. त्याच्या तिरक्या बाजूवर शून्य लांबीचे तुकडे, म्हणजे मूळ रेषेचे सुटे बिंदू. वरच्या डाव्या कोपऱ्यात अख्खा रेषाखंड. दोन तुकड्यांतलं अंतर किती? सुरुवातींमधला फरक आणि शेवटांमधला फरक यांतला मोठा असेल तो. वरच्या दोन तुकड्यांसाठी ०.१ आणि ०.४, म्हणून ०.४. हेच हाउसडॉर्फ अंतर.

आता नातं पाहा. रेषा एका मितीची, तिच्या तुकड्यांचं हायपरस्पेस दोन मितींचं. तुकड्यांवर न थांबता रिकामा संच सोडून सगळेच बंद उपसंच (म्हणजे कडेचे बिंदूही ज्यांत धरलेत असे) घेतले तर मिती अनंत होतात. त्या आकाराला हिल्बर्ट घन म्हणतात. तेव्हा सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्की. आणि हे नुसतं कागदी नाही: संगणकावर फ्रॅक्टलचं नेचाचं पान काढतात ना, तेव्हा प्रत्येक पायरीवरचं चित्र हा अशाच एका हायपरस्पेसमधला एक बिंदू असतो आणि तो एका ठरलेल्या बिंदूकडे सरकत असतो.

धूमकेतू

कथेची बाजू मी घेतो. १९०५ मध्ये आइनस्टाइनने प्रकाशाच्या वेगाची वेस घालून दिली आणि लेखकांची पंचाईत झाली. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर, आकाशगंगेचा व्यास लाखभर प्रकाशवर्षं. नायक निघाला तर पोचेपर्यंत नातवंडं म्हातारी व्हायची. वेस ओलांडायची नाही पण पोचायचं तर आहे, म्हणून बाहेरची वाट. अमेरिकी विज्ञानकथालेखक जॉन कॅम्पबेलच्या १९३१ च्या कादंबरीत हायपरस्पेसचा प्रवास आहे, आणि पुढे मासिकांत लिहिणाऱ्या सगळ्यांनी तो आपलाच माल समजून वापरला. कुणाचं यान क्षणात उडी मारतं, कुणाचं आठवडाभर त्या करड्या जागेतून जात राहतं. वॉर्प हे प्रकरण वेगळं: त्यात यान आपल्याच अवकाशात राहतं, फक्त पुढचा अवकाश आक्रसतो नि मागचा फुगतो. श्रोते या दोन्हींची हमखास गल्लत करतात.

मराठी मंडळी समोर आहेत तर नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' घ्याच. डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीची ती कथा. तिचं गणित जुनं आहे: डाव्या हाताचा मोजा उजव्या हाताचा करायचा तर चौथ्या मितीतून उलटवावा लागेल, हे गणितज्ञ मोबियसने १८२७ मध्येच लिहिलं होतं. यान नाही, वेग नाही, पण मितीचा खरा उपयोग केलेला. माझ्या मते बहुतेक अंतराळकथांपेक्षा हीच गणिताच्या जास्त जवळची.

आणि एक गंमत. १८७७ मध्ये लाइपझिगला झ्योल्नर नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने एका 'मृतात्म्यांशी बोलणाऱ्या' माणसावर प्रयोग केले. दोरीची टोकं लाखेने बंद, तरी मधे गाठी पडल्या! झ्योल्नर म्हणाला, आत्मे चौथ्या मितीतून आले. हातचलाखी होती. पण गणित खोटं नव्हतं: चार मितींत दोरीची कुठलीही गाठ टोकं न सोडता सुटते.

शेवपरमल, इंदूर

दोघांनाही खूप धन्यवाद! त्रिकोण आत्ताच वहीत काढून पाहिला, मुलीने लांबूनच मान डोलावली. पण खडूफळा सर, अंतराचं राहिलंच. काका नेमकं तेच विचारणार.

खडूफळा

मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण उत्तर लोकांना आवडत नाही. नुसत्या जास्तीच्या मितीने अंतर एका मिलिमीटरनेही कमी होत नाही. पायथागोरस बघा: बेरजेत चौथा वर्ग आला, तो शून्य किंवा धन. म्हणजे चौथ्या दिशेला वळलात तर रस्ता लांबतोच.

फायदा हवा असेल तर आपलं विश्व त्या मोठ्या अवकाशात वाकलेलं हवं. समजा छान गोल वाकलंय, पृथ्वीच्या पृष्ठभागासारखं. पृथ्वीच्या बरोब्बर पलीकडे जायला पृष्ठभागावरून सुमारे २०,००० किमी, केंद्रातून सरळ गेलात तर १२,७४२. म्हणजे फार तर ३६ टक्के वाचतात. भूमितीच त्यापेक्षा जास्त देत नाही. आणि हे सगळ्यात लांबच्या ठिकाणासाठी. जवळच्या गावांसाठी हिशेब करा: इंदूर ते पुणे हवाई अंतर साधारण ५१० किमी, सरळ बोगदा खणला तर वाचतात जेमतेम १४० मीटर. ४.२४ प्रकाशवर्षं ही विश्वाच्या मानाने इंदूर-पुण्याहूनही जवळची गोष्ट आहे.

अवांतर

१४० मीटरसाठी बोगदा! आणि टोल दोन्हीकडे.

खडूफळा

म्हणून लेखकाला वाकवून भागत नाही, दुमडावं लागतं. तुमचा कागद इथे येतो, आणि तो दिसतो त्यापेक्षा हुशार आहे. गाउसने १८२७ मध्ये दाखवलं की न ताणता, न फाडता कागद दुमडला तर कागदावरची अंतरं, कोन, काहीच बदलत नाही. कागदावर राहणाऱ्याला घडी पडलीय हे कितीही मोजलं तरी कळणार नाही. आपलं विश्व मोजमापात जवळजवळ सपाटच निघतं, पण तेवढ्यावरून 'बाहेरून घडी नाही' असं म्हणता येत नाही. लेखकाची पळवाट शाबूत राहते. पुरावा मात्र काडीचा नाही, हेही त्याच दमात सांगा.

प्रयोगवही

काकांच्या जातकुळीतला म्हणून एक भर. सामान्य सापेक्षतेतली (आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतातली) वक्रता आतल्या आत मोजली जाते, तिला बाहेरची पाचवी-सहावी मिती लागत नाही. 'वाकलंय तर कशात वाकलंय?' असा प्रश्न आला तर उत्तर 'कशातच नाही'. आइनस्टाइन-रोझेन पूल, म्हणजे अवकाशातली दोन ठिकाणं जोडणारा बोगदा, १९३५ चा, पण तो पार करण्याआधीच मिटतो. उघडं राहील असं कृमिविवर (असाच बोगदा, १९८८) किंवा भौतिकशास्त्रज्ञ अल्कुबिएरेचं वॉर्प (१९९४), दोन्हींना ऋण ऊर्जा, म्हणजे शून्याहून कमी ऊर्जा, लागते, आणि ती तेवढी कुठून आणायची हे कुणालाच ठाऊक नाही. जास्तीच्या मिती भौतिकीच्या सिद्धांतांत आहेत, कालुझाने १९२१ मध्ये आणि क्लाइनने १९२६ मध्ये मांडलेल्या, पण क्लाइनची मिती अणुकेंद्राहूनही अतोनात लहान गुंडाळलेली. यान सोडा, इलेक्ट्रॉनलाही तिथे पाय पसरता येत नाहीत.

शेवपरमल, इंदूर

भरपूर झालं, वीस मिनिटांचं साठ होईल आता. क्रम असा ठरवलाय: आधी नारळीकरांची गोष्ट, मग कर्ण आणि त्रिकोण, मग कागद. भाच्याच्या रेघांना शेवटी दोन मिनिटं. शेवटचं एकच विचारते: हिल्बर्ट घन फळ्यावर काढायचा म्हटलं तर?

खडूफळा

नाव घ्या आणि पोह्यांकडे वळा. पहिली बाजू १, दुसरी १/२, तिसरी १/३, असं लिहीत गेलात तर खडू संपेल. काकांनी फारच धरलं तर कर्णाची लांबी काढायला सांगा: π/√६, सुमारे १.२८. अनंत मिती आणि कर्ण दीड मीटरसुद्धा नाही, यावर ते घरी जाईपर्यंत गुंतून राहतील.