अमेरिकेत टिप किती, कुणाला, कशी? आपापले अनुभव लिहा

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला निघालेले आईवडील हमखास विचारतात: जेवणाचं बिल दिलं, टॅक्स दिला, आता वर आणखी वीस टक्के कशासाठी? तिकडे राहणाऱ्यांनी आणि फिरून आलेल्यांनी इथे लिहावं. नुसते टक्के नकोत, कुठे आणि कसे दिले तेही सांगा.

डॅलसहून
माझी मुलगी कॉलेजात असताना इथल्या एका रेस्टॉरंटमध्ये सर्व्हर होती. मालकाकडून तासाला २.१३ डॉलर. टिप मिळणाऱ्यांसाठी केंद्रीय कायद्यातला हा किमान आकडा १९९१ पासून तसाच आहे. टिप धरूनही तासाचे ७.२५ डॉलर, म्हणजे इतरांचं केंद्रीय किमान वेतन, होत नसतील तर उरलेले मालकाने भरायचे, असा नियम आहे. म्हणजे पगार गिऱ्हाईकच देतं. त्यात रात्री हिशेब होताना तिच्या एकूण विक्रीवर ठरावीक टक्के बारटेंडरला आणि टेबलं आवरणाऱ्या मुलांना द्यावे लागत. टिप न ठेवता उठलेल्या टेबलाची विक्रीही त्यात धरली जायची. एखादा मोठा ग्रुप दोन तास बसून काहीच न ठेवता गेला, तर त्यांच्या वाट्याचे पैसे हिच्या कमाईतून जात. आपली माणसं टिप देत नाहीत असं तिथले सर्व्हर आपसांत बोलायचे, ते ऐकून मला फार वाईट वाटायचं. बसून जेवलात तर १८ ते २० टक्के द्या. परवडत नसेल तर पार्सल घ्या, त्यात कमीपणा नाही.

सिएटलहून
सगळीकडे २.१३ नाही हो. वॉशिंग्टन, ओरेगन, कॅलिफोर्नियात टिप मिळो न मिळो, पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. तरी टेबलावर वाढणाऱ्याला आम्ही देतोच. काउंटरवरची गोष्ट वेगळी. कॉफी हातात देऊन स्क्रीन आपल्याकडे वळवतात, त्यावर १८, २०, २५ टक्के तयार असतात. तिथे ‘नो टिप’चं बटण मी बिनदिक्कत दाबते. आईबाबा मात्र मागे रांग आहे म्हणून घाबरून २५ दाबून मोकळे होतात. घाबरू नका, कुणी काही म्हणत नाही.

पुण्याहून, मुलाकडे जाऊन आलेले
पद्धत आधी समजून घ्या. पुष्कळ ठिकाणी आधी कार्ड घेऊन जातात, मग पावती आणतात. तिच्यावर टिप आपण लिहायची, खाली बेरीज मांडायची आणि सही करायची. टिप नंतर चढते, त्यामुळे मोबाइलवर आलेला आकडा आणि शेवटी कापलेली रक्कम वेगळी दिसते. फसवणूक झाली असं समजून लगेच बँकेला फोन करू नका. आणि बिल नीट वाचा! सहा-आठ जण असाल तर ‘ग्रॅच्युइटी’ (म्हणजे टिपच) म्हणून १८ टक्के बऱ्याचदा आधीच लावलेले असतात. आमच्या बिलात ते होते आणि शेजारी टिपची ओळही रिकामी होती. सुनेने दाखवलं म्हणून दुसऱ्यांदा द्यायचं वाचलं.

न्यूयॉर्कहून
इथली सोपी युक्ती: बिलावरचा टॅक्स दुप्पट करा. शहरात टॅक्स ८.८७५ टक्के आहे, म्हणजे टिप पावणेअठरा टक्क्यांच्या आसपास येते. टिप टॅक्सच्या आधीच्या रकमेवर काढायची.

नाशिकहून, टूरबरोबर गेलेली
ड्रायव्हर-गाइडची टिप पॅकेजमध्ये आहे की रोज वेगळी द्यायची, ते पैसे भरण्याआधी लेखी विचारा. हॉटेलच्या खोलीत मी रोज सकाळी दोन-तीन डॉलर ठेवायचे, सोबत ‘थँक यू’ची चिठ्ठी. चिठ्ठी नसेल तर विसरलेले पैसे समजून ते हात लावत नाहीत. शेवटच्या दिवशी एकदम ठेवू नका, कारण खोली आवरणारी बाई रोज तीच असेल असं नाही. भारतातून निघताना शंभराच्या नोटा मिळाल्या होत्या, त्या पहिल्याच दिवशी किराणा दुकानात मोडून एक-एकच्या करून घेतल्या.

फ्रीमाँटहून
कुणाला द्यायची नाही तेही लिहितो. डॉक्टर, नर्स, पोलीस, सरकारी कर्मचारी यांना अजिबात नाही. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तिथल्या एका रेंजरने, म्हणजे उद्यानाच्या सरकारी कर्मचाऱ्याने, आमच्या ज्येष्ठ मंडळींना फार आपुलकीने माहिती दिली, तेव्हा काकांनी खिशात हात घातला. रेंजरला असे पैसे घेता येत नाहीत. द्यायचेच असतील तर व्हिजिटर सेंटरमधल्या देणगीपेटीत टाका. काकांनी तेच केलं.