एका पानापायी अख्खी साइट

'सरकारने एखादी साइट ब्लॉक केली तर आपलं काय बिघडतं?' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दहशतवादी मजकुराच्या कारणावरून ३२ साइट्स बंद करायचा सरकारी आदेश निघाला, त्यात गिटहब (प्रोग्रामर आपला कोड ठेवतात ती साइट) आणि व्हिमिओ (व्हिडिओंची साइट) सुद्धा. मी तेव्हा नागपूरला, परसोडीच्या आयटी पार्कात होतो. संध्याकाळी क्लायंटला बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची तयार आवृत्ती, द्यायची होती आणि गिटहबवरून कोड उतरवायची 'गिट पुल' ही कमांड उत्तराची वाट बघून नुसती टाइमआउट होत होती. तासभर आम्ही आपलाच राउटर चालू-बंद करत बसलो, कारण कुणी काही कळवलंच नव्हतं.

एचटीटीपीएसमध्ये, म्हणजे साइटशी होणाऱ्या सांकेतिक, सुरक्षित जोडणीत, इंटरनेट कंपनीला साइटचं नाव दिसतं, आतलं पान दिसत नाही. त्यामुळे एक पान रोखायला तिला अख्खं डोमेनच, म्हणजे त्या नावाची सगळी साइटच, तोडावी लागते. ढेकणापायी बाज जाळायची, असला हा प्रकार!

त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ (सरकारला साइट ब्लॉक करायचा अधिकार देणारं) खालच्या २००९ च्या नियमांमधला नियम १६ असे आदेश गुप्त ठेवायचा. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये त्याच कायद्यातलं ६६अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर टाकणं गुन्हा ठरवणारं) रद्द केलं, ६९अ मात्र कायम ठेवलं. बेकायदा मजकूर काढू नका असं मी म्हणत नाही भाऊ. पण आदेश कारणासकट जाहीर करा, म्हणजे ज्याची साइट गेली त्याला कोर्टात भांडता तरी येईल.