चौकोनी बॉलचा टीव्ही गेम: परत खेळून पाहिलाय का कोणी?

परवा अमळनेरच्या घराचा माळा आवरत होतो, तर पितळी घंगाळाच्या मागे काकांचा टीव्ही गेम सापडला. काका मस्कतला होते, त्यांनी ८३-८४ च्या आसपास आणलेला. काळा डबा, फिरवायच्या दोन चकत्या, चार-पाच खटके आणि कंपनीचं स्टिकर कधीच उडालेलं. मारिओवाली कार्ट्रिजची (गेमच्या बदलायच्या कॅसेटची) मशीन ही फार नंतरची गोष्ट, ह्याच्यात कार्ट्रिज हा प्रकारच नाही. उघडून बघितला तर आत एकच मोठी आयसी म्हणजे चिप, २८ पायांची, एवाय-३-८५००. जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीने १९७६ ला काढलेली. प्रोग्राम वगैरे काही नाही, टेनिस, फुटबॉल, स्क्वॉश, एकट्याची प्रॅक्टिस आणि दोन रायफलचे गेम थेट चिपमधेच कोरलेले. बॅट म्हणजे उभी रेघ, बॉल म्हणजे ठिपका आणि तोही चौकोनी. टक-टक आवाज टीव्हीतून येत नाही, डब्यातूनच येतो. आमची आजी तेव्हा बघून अहिराणीत म्हणायची, "हाऊ काय खेय शे रे, ठिपका अथा जास नि तथा जास!"

तर अडॅप्टर लावून सुरू केला, सुरू झाला पण! आणि खरं सांगू का, प्रॅक्टिस मोडवर एकटा बसलो तर पाच मिनिटात कंटाळलो. तेव्हा आम्ही दुपार दुपार कसं काय खेळत होतो? तुमच्यापैकी कोणाकडे असला काही असेल, किंवा परत खेळून बघितला असेल तर लिहा भो.

भुसावळची लेक
आमच्या रेल्वे क्वार्टरमधे एकाच घरी होता, वडिलांच्या मित्राकडे. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, कूलरमधे पाणी ओतायची ड्युटी ज्याची त्याला पहिला चान्स, म्हणून आम्ही बादल्या घेऊन भांडायचो. खेळणारे दोन आणि बघणारे पंधरा. कॉमेंट्री करायला एक मुलगा ठेवलेला, तो दोन्ही रेघांना गावसकर-कपिल अशी नावं द्यायचा, टेनिसमधे हं! रायफलची बंदूक त्यांच्या डब्यात आलीच नव्हती, पण तो खटका लावला की चौकोन स्क्रीनवर पळायचा तो पळायचाच, मग आम्ही बोटांनीच ठो ठो करायचो आणि लागली की नाही ह्यावरून खरी मारामारी. स्कोर १५ झाला की गेम संपायचा पण बॉल थांबायचा नाही, बॅटमधून आरपार जायचा, तर हरणारा म्हणायचा बघा माझी बॅट खराब आहे, हे धरू नका. मागच्या वर्षी मुलाला यूट्यूबवर दाखवला. तो म्हणाला, आई हे लोड होतंय का?

शेंगदाणा चटणी
आमच्याकडे टीव्हीच ९१ ला आला. वाचतोय फक्त.

पाचोरा ते पुणे
मी हा नाही खेळलो पण त्याच वर्षीचा, १९७६ चा, फेअरचाइल्ड कंपनीचा चॅनेल एफ हा डबा, कॉम्प्युटरवर एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकून खेळलो. नाव फार कोणाला माहीत नसतं, पण प्रोसेसर असलेली मशीन आणि कार्ट्रिज बदलून गेम बदलायची सोय पहिल्यांदा ह्याच्यात आली, जेरी लॉसन नावाच्या इंजिनियरच्या टीमने केलेली. हॉकी आणि टेनिस आतच भरलेले, बाकीचे पिवळ्या कार्ट्रिजवर. 'होल्ड' नावाचं बटण आहे, गेम मधेच थांबवायचं, हे तेव्हा नवीन होतं. आता मजा आली का तर फारशी नाही. त्याचा कंट्रोलर मुठीत धरायचा दांडा, वरचं टोपण फिरतं, दाबता येतं, ओढता येतं आणि मी ते सगळं कीबोर्डवर करतोय, म्हणजे कळण्याची भाकरी काट्या-चमच्याने खाल्ल्यासारखं. बायकोला बसवलं शेजारी, तिने पहिल्याच डावात हरवलं, मग मात्र रात्री साडेबारापर्यंत चालू होतं.

धुळ्याचा मेकॅनिक
दादा, पहिले अडॅप्टरची प्लस-मायनस तपासा, उलटं लागलं तर ती आयसी गेली समजा आणि आता मिळवताना नाकी नऊ येतील. बॅट थरथरत असेल तर चकतीखालच्या पॉटमधे (चकतीबरोबर फिरणारा, बॅट वर-खाली करणारा पार्ट) धूळ बसलीय, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-वीस वेळा फिरवा. एलईडी टीव्हीवर अॅनालॉग चॅनेल सर्चला टाकायचं.
अजून एक गंमत. आपल्याकडे ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीला निळं-केशरी-हिरवं प्लास्टिक लावायचे ना, कलरचा भास व्हावा म्हणून? १९७२ च्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसीत, म्हणजे घरी खेळायच्या पहिल्याच मशीनमधे, असलीच प्लास्टिकची शीट यायची. टीव्हीच्या काचेला चिकटवायची, की झालं टेनिसचं कोर्ट. आवाज नाही, स्कोर नाही, स्कोर आपणच लिहायचा. आमच्या दुकानात त्या तिरंगी प्लास्टिकला लोक भाव करायचे, हे वाचलं तेव्हा हसूच आलं.

(धागा काढणारा)
धन्यवाद मेकॅनिकदादा, पॉटच होता. रविवारी भरीत पार्टी ठेवली शेतात, तिथे बोअरच्या खोलीत जुना टीव्ही आहे म्हणून डबा घेऊन गेलो. काका आता ७६ चे, हात कापतो, त्यामुळे त्यांची रेघ पॉट साफ करूनही थरथरतच होती. पण बॅटचा साईजचा खटका मोठ्यावर करायला गेलो तर ओरडले, "लहानच राहू दे, तू मोठी घे पाहिजे तर." खटका दोघांना एकच आहे हे त्यांना अजूनही मान्य नाही. १५-११ ने हरलो मी. वांगी भाजणारे दोघं विस्तव सोडून दारात उभे, वांगी करपली ती करपलीच.
भुसावळच्या ताई, बंदूक आमच्या डब्यातही नाहीये.