कंजूष, काटकसरी, कदर्य : चिमटा कुणाच्या पोटाला?

माझ्या मामेबहिणीनं परवा फोन करून विचारलं, "आजोबांना काटकसरी म्हणायचं की कंजूष?" ती घरातल्या मोठ्या माणसांच्या आठवणी लिहून काढते आहे आणि या एका विशेषणापाशी तिचं अडलं होतं. मामा म्हणे काटकसरी लिही. मामी काहीच बोलली नाही. माझी आई म्हणाली, "कंजूष लिहिलंस तर खोटं होणार नाही, पण अपुरं राहील." तेव्हापासून हे सगळे शब्द माझ्या डोक्यात घोळताहेत.

आधी काटकसर. यातलं 'काट' म्हणजे कापणं. 'कसर' अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ मोडणं, तुकडा, अपूर्णांक. आपण 'कसर भरून काढली', 'प्रयत्नांत कसर ठेवली नाही' म्हणतो तेव्हा तो तुकड्याचा, उणेपणाचा अर्थ अजून शाबूत असतो. म्हणजे काटकसर करणारा माणूस खर्चाच्या कडा कापतो, मधलं कापड ठेवतो. आजोबा आलेली पाकिटं फाडत नसत. डिंक भिजवून ती अलगद उकलायची, उलटी करून पुन्हा चिकटवायची आणि आतल्या कोऱ्या बाजूवर हिशेब लिहायचा. पेन्सिल बोटांत धरवेनाशी झाली की तिच्या मागे कागदाची सुरळी बसवायची आणि अजून महिनाभर चालवायची. याला कुणी कंजुषी म्हटलं तर मी भांडेन. यात कुणाचं काही कमी होत नव्हतं. उलट आम्हा नातवंडांना त्या उलट्या पाकिटांचा फार अभिमान होता.

कंजूष शब्दाबद्दल एक लेखनाची गोष्ट. आपण तो शेवटी ष घालून लिहितो, त्यामुळे तो संस्कृत वाटतो, पण तसा तो नाही. हिंदीत 'कंजूस' आहे आणि तिथे त्याची फोड कण आणि चूस, कणसुद्धा चोखून घेणारा, अशी करतात. मराठीत 'कंजूस'ही चालतो. मला स्वतःला ष बरा वाटतो, कारण बोलताना त्या शब्दात जो तुच्छतेचा फुत्कार असतो तो ष मध्ये नीट उतरतो. मक्खीचूस त्याच घराण्यातला, आणि तो हिंदीतून जसाच्या तसा आपल्याकडे आला.

खास मराठी म्हणावेत असे शब्द वेगळे आहेत: चिकट, चिक्कू, चेंगट, चिंगूस, कद्रू, कोत्या मनाचा. चिकट आणि चिक्कूमध्ये हाताला पैसा चिकटल्याचं चित्र आहे. चेंगट माणूस देताना रेंगाळतो. नाही म्हणत नाही, पण 'बघू', 'पुढच्या महिन्यात', 'आत्ताच कशाला' करत दिवस ढकलतो. कद्रू आणि कोता या दोन शब्दांत पैशापेक्षा मनाचं माप काढलेलं आहे. कद्रू माणसाला दुसऱ्याचं कौतुक करतानाही शब्द जपून वापरावेसे वाटतात. म्हणून नुसता पैसा न सोडणाऱ्याला कद्रू म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

कवडीचुंबक हा मात्र माझा सर्वांत आवडता. संस्कृतात 'चुंबक'चे दोन अर्थ आहेत, चुंबन घेणारा आणि लोहचुंबक. कवडीचे मुके घेणारा म्हणा, की कवडी जिथे असेल तिथून ओढून घेणारा म्हणा, दोन्ही अर्थ माणसाला फिट्ट बसतात. आचार्य अत्र्यांनी फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६८ सालच्या नाटकाचं मराठी रूपांतर केलं तेव्हा त्याला हेच नाव दिलं. ते नाटकही घरातलंच आहे, बाप आणि त्याच्या लग्नाच्या वयाच्या मुलांचं.

कवडीवरून आठवलं. कृपणतेच्या आपल्या कितीतरी शब्दांत मेलेली नाणी आहेत. कवडी, दमडी, छदाम, दिडकी, पै. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयात सोळा आणे, आण्यात चार पैसे आणि पैशात तीन पया, म्हणजे एका रुपयाच्या १९२ पया होत. ती पै व्यवहारातून गेली, पण 'पै पै जोडून' आणि 'पै न पै चुकती केली' मधून गेली नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून रद्द झाली. तरी 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' हे दमडी कधी न पाहिलेली मुलंही म्हणतात. नाण्याची किंमत जितकी शून्याकडे जाते तितका शब्द धारदार होतो, कारण कंजूष माणसाबद्दल आपल्याला नेमकं हेच म्हणायचं असतं: ज्याला काही मोल नाही तेही याच्यानं सोडवत नाही.

आता ओळखीपाळखीतली माणसं. इथे शब्दांची बरीच गल्लत होते. एकत्र कुठे गेलो आणि पैसे द्यायची वेळ आली की ज्याला नेमका फोन येतो, त्याला आपण कंजूष म्हणतो. 'खिशात विंचू आहे' म्हणतो. पण तो बहुतेकदा फुकट्या असतो, फुकटचंबू. फुकट्याला मजा हवी असते, फक्त ती दुसऱ्याच्या पैशानं हवी असते. खऱ्या कंजुषाला फुकट मिळालेलंही उपभोगता येत नाही, तो ते उचलून ठेवतो. माझ्या एका ओळखीच्या बाईंच्या कपाटात भेट आलेल्या वस्तू वेष्टनासकट वर्षानुवर्षं आहेत. वापरल्या नाहीत आणि कुणाला दिल्याही नाहीत. दार उघडून त्या दाखवतात तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नाही. वस्तूंवरून बोट फिरवतात, वेष्टनाची सुटलेली चिकटपट्टी दाबून पुन्हा बसवतात आणि दार लावून घेतात. आणखी एक ओळखीचे गृहस्थ प्रवासात प्रत्येक खर्च वहीत लिहितात आणि परतल्यावर ज्याचं त्याला शेवटच्या पैशापर्यंत देतात, घेतात. त्यांना सगळे मागून कंजूष म्हणतात. मी म्हणत नाही. ते हिशेबी आहेत, व्यवहारात चोख आहेत. त्यांनी कुणाचं ठेवून घेतलेलं मी पाहिलेलं नाही.

घरात तर शब्द नात्यावर ठरतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. वडील असले तर 'जपून खर्च करणारे', सासरे असले तर 'चिकट', दीर असला तर 'व्यवहारी', जावेचा भाऊ असला तर थेट 'कवडीचुंबक'. मामा काटकसरीवर अडून बसला तो यामुळेच. त्याचे ते वडील होते.

कृपण शब्दाची गोष्ट सगळ्यांत वेगळी आहे आणि तिच्यामुळेच मी हे लिहायला बसले. आज कृपण म्हणजे कंजूष, फक्त पुस्तकी. पण मूळ संस्कृतात कृपण म्हणजे दीन, बापुडा, ज्याची कीव यावी असा. कृपा हा शब्द त्याचा सख्खा. गीतेतलं 'कृपणाः फलहेतवः' फळावर डोळा ठेवणाऱ्यांना चिकट म्हणत नाही, बिचारे म्हणतं. दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्वतःच्या 'कार्पण्यदोषा'बद्दल बोलतो तेव्हा तो पैशाबद्दल बोलत नसतो, आपण हतबल झालो आहोत हे सांगत असतो. मेघदूताच्या सुरुवातीला कालिदास प्रेमात होरपळलेल्यांना 'प्रकृतिकृपण' म्हणतो, कारण सजीव-निर्जीव कळण्याइतकंही भान त्या बापड्यांना उरलेलं नसतं. गंमत म्हणजे लॅटिनमध्येही हेच झालं. तिथे 'मिसेर' म्हणजे दुःखी, अभागी. त्यातून इंग्रजीत एकीकडे 'मिझरी' आली आणि दुसरीकडे 'मायझर', कंजूष. दोन भाषांनी साठवून ठेवणाऱ्या माणसाकडे पाहिलं आणि दोघींनाही आधी त्याची कीवच आली.

पण कीव कुणाची करायची, हा प्रश्न उरतो. मराठीत 'पोटाला चिमटा काढून' असा सुंदर वाक्प्रचार आहे. पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवलं. पोटाला चिमटा काढून घर उभं केलं. तिथे पोट कुणाचं हे सांगावं लागत नाही. ते स्वतःचंच असतं, म्हणून त्या वाक्प्रचारात थोरपण आहे. चिमटा बायकोच्या पोटाला, मुलांच्या पोटाला, म्हाताऱ्या आईच्या पोटाला असेल तर काय म्हणायचं? रोजच्या मराठीत त्यासाठी वेगळा शब्द नाही. आपण त्यालाही कंजूषच म्हणतो, नाहीतर घरची इभ्रत राखायला काटकसरी.

शब्द आहे, तो आपण वापरात ठेवला नाही. कदर्य. संस्कृतात त्याची व्याख्याच अशी की जो लोभापायी स्वतःला, धर्मकार्याला, बायकोमुलांना, आईवडिलांना आणि नोकरचाकरांना पीडा देतो तो कदर्य. यात संपत्ती किती आणि शिल्लक किती याचा उल्लेख नाही. त्रास कुणाकुणाला झाला याची यादी आहे. कृपण कीव मागतो, कदर्य जाब मागतो.

भागवताच्या अकराव्या स्कंधात तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या एका धनाढ्य कदर्याची कथा आहे. नातेवाईक आणि अतिथी यांचा तो नुसत्या शब्दानंही आदर करत नाही. घर ओकंबोकं. स्वतःच्या देहालाही वेळेवर सुख देत नाही. मुलं आणि भाऊबंद त्याच्या वाईटावर, बायको, मुली, नोकर उदास, कुणालाच त्याच्यासाठी काही करावंसं वाटत नाही. त्याच्या धनाला तिथे यक्षाचं धन म्हटलं आहे, राखायचं, वापरायचं नाही. पुढे ते धन काही नातलगांनी, काही चोरांनी, काही राजानं नेलं आणि तो उघडा पडला. तिथून तो संन्यासी होतो आणि भिक्षुगीत म्हणतो. एकनाथांनी याच अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली, ती १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाली. म्हणजे हा माणूस साडेचारशे वर्षं मराठी ओवीत आहे. तरी त्याचं नाव आपल्या बोलण्यात रुळलं नाही. जोडाक्षरामुळे जड वाटत असेल, पण 'औदार्य', 'सौंदर्य' आपण सहज बोलतोच की. 'कदर्यपणा' बोलून पाहा, जिभेला अडत नाही.

हा शब्द वापरात का हवा, ते सांगते. आजीच्या चष्म्याची एक काडी मोडली होती. तिनं तिथे दोरा बांधला, काळा, दुहेरी, आणि दोऱ्याचा फास कानामागे अडकवून ती वाचत असे. मान थोडी वाकडी ठेवावी लागे, नाहीतर चष्मा घसरे. काचांचा नंबरही केव्हाच बदललेला होता, म्हणून ती पान खिडकीशी नेऊन वाचायची. हे दोन-चार महिने नव्हतं, वर्षानुवर्षं होतं. आजोबा गेल्यावर कागदपत्रं काढली तेव्हा ठेवींच्या पावत्यांची चळत निघाली, तारखेवार लावलेली, उलट्या केलेल्या पाकिटांत घातलेली. तीच ती आमच्या अभिमानाची पाकिटं. आईनं ती चळत मांडीवर घेतली आणि बराच वेळ वरच्या पाकिटावरचं हिशेबाचं अक्षर बघत राहिली.

तर बहिणीला मी म्हटलं, पाकिटांपाशी काटकसर लिही, चष्म्यापाशी कदर्यपणा लिही. एकाच माणसाला दोन शब्द लागले तर लागू देत.

त्यावर तिनं मला एक गोष्ट आठवून दिली, जी मी विसरले होते. आजी स्वतः या बाबतीत यातला एकही शब्द वापरत नसे. कुणी चष्म्याबद्दल बोललं की ती म्हणायची, "त्यांच्या हातून पैसा सुटत नाही." सोडत नाहीत असं ती कधी म्हणाली नाही. 'सोडणे' म्हटलं की कर्ता आला, त्याची इच्छा आली, दोष आला. 'सुटणे' म्हटलं की गाठच पक्की बसलेली, त्याला तो तरी काय करणार. कृपण शब्दात जी जुनी कीव होती ती आजीनं एका क्रियापदात, कुणी न शिकवता, जपून ठेवली होती.

हे मी फोनवर मोठ्यानं बोलत होते आणि पलीकडे मामी ऐकत होती. इतका वेळ गप्प असलेली मामी म्हणाली, "सुटत नव्हता हे त्यांच्या बाजूनं झालं. तिच्या कानामागे त्या दोऱ्याचा वळ उठलेला असायचा, मी तेल लावून द्यायचे. तोही लिही म्हणावं."