उंदीर असताना डुक्कर कशाला?

एन्झाइमच्या अभ्यासाला उंदीर पुरेसे असताना गाई-डुकरांच्या मागे का लागायचं, हा प्रश्न रास्त आहे. पण काही गोष्टी जनावरांनीच आधी दाखवल्या.

हॅम्पशायर जातीच्या डुकरांचंच बघा. त्यांतल्या काहींच्या स्नायूंत ग्लायकोजेन (साखरेचा साठा) सुमारे ७० टक्के जास्त असतं. कत्तलीनंतर त्याचं लॅक्टिक आम्ल होतं, मांसाचा पीएच फार खाली जातो आणि शिजवताना पाणी सुटून वजन घटतं. खाटकाच्या लेखी नुकसानच. कारण शोधता शोधता २००० साली संशोधक एएमपीके या एन्झाइमच्या गॅमा-३ या घटकापर्यंत पोचले. पेशीतली ऊर्जा कमी झाली की हे कायनेज, म्हणजे प्रथिनांना फॉस्फेट गट जोडणारं एन्झाइम, जागं होतं; या डुकरांत एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे त्याचं नियंत्रण बिघडलेलं होतं. हा घटक मुख्यतः कंकाल-स्नायूंतच असतो, हेही त्याच कामातून कळलं. मांसाच्या तक्रारीतून थेट चयापचयाच्या मुळाशी!

प्रत्यक्ष काम करणार असाल तर एक सांगतो. जनावर मेल्यावर फॉस्फेटेज, म्हणजे फॉस्फेट गट काढून टाकणारी एन्झाइम, थांबत नाहीत. प्रथिनांवरचे फॉस्फेट गट काही मिनिटांत बदलू लागतात. नमुना लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गेला नाही, तर तुम्ही जिवंत पेशीचा नव्हे, मृत्यूनंतरच्या गोंधळाचा अभ्यास करत असता. आणि नमुन्यातलं प्रथिन ओळखायला वापरायची अँटिबॉडी बहुधा माणूस किंवा उंदराच्या प्रथिनासाठी बनवलेली असते. विकत घेण्याआधी डुकराच्या किंवा गाईच्या अमिनो आम्लांच्या क्रमाशी ताडून बघा.