शब्दचर्चा : बेस कॅबवरचा ‘ट्वीटर’, आणि त्याच्या स्विचवरचं ‘शून्य’

नमस्कार मंडळी, मी नाशिकच्या सिडकोतला, बेस गिटार शिकायला लागून दोन वर्षं झालीत. एका शब्दावर अडकलोय म्हणून विचारतो. परवा कॉलेज रोडच्या मागं एका प्रॅक्टिस रूमवर गेलो होतो, तिथला कॅब (स्पीकरची पेटी) म्हणजे १० इंची ४ स्पीकर आणि एक छोटा हॉर्न. मागं केबल लावायच्या जागेशेजारी तीन ठिकाणी थांबणारा स्विच, वर लिहिलेलं ऑफ, मायनस ६ डीबी, ० डीबी. मला तो हॉर्नचा चरचरीत आवाज नकोच होता म्हणून मी सरळ शून्यावर टाकला, शून्य म्हणजे काही नाही असंच ना आपण शाळेपासून शिकलो. तर झालं उलटंच. तारेवर बोट सरकलं की किंचाळल्यासारखं, आणि हात बाजूला घेतला तरी नुसतं सूंऽऽ चालू. मग अ‍ॅम्पचा ट्रेबल (टोकदार आवाज कमी-जास्त करायची नॉब) पार खाली आणला तर सगळाच आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा झाला. तिथं जो होता तो म्हणाला ‘ट्वीटर फुल आहे’, आता शून्य म्हणजे फुल कसं? आणि ह्या बटणाला मराठीत म्हणायचं तरी काय?

— उत्तर

दादा, तुमचा प्रश्न शब्दाचाच आहे आणि ह्या शून्यानं माझ्या डोळ्यादेखत कितीतरी पोरांना फसवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी नाशिक रोडला राहतो, ऑर्केस्ट्रा आणि बँडच्या साउंडचं काम बरीच वर्षं करतोय.

आधी शब्द. ट्वीट म्हणजे पाखराची चिवचिव, त्यावरून उंच सुरांच्या छोट्या स्पीकरला ट्वीटर, आणि कुत्र्याच्या घोगऱ्या भुंकण्यावरून जाड्या आवाजाच्या मोठ्या स्पीकरला वूफर. आपल्याकडं सगळे ‘ट्विटर’ लिहितात आणि मग वाचणाऱ्याला ती जुनी वेबसाइट आठवते, म्हणून मी आग्रहानं दीर्घ ट्वी लिहितो, उच्चारही तसाच आहे. साइटवर मात्र कुणी ट्वीटर म्हणत नाही, ‘हॉर्न कमी कर’ एवढंच म्हणतात, आणि बेस कॅबमध्ये बऱ्याचदा खरोखर छोटा कर्णाच असतो त्यामुळे ते चुकीचं पण नाही.

आता डीबी, म्हणजे डेसिबल. डेसिबल म्हणजे आवाज ‘किती’ असं नसतं, ‘कशाच्या मानानं किती’ असं असतं. पट्टी कांद्याची आठवा. लासलगावला माल विकला की हिशोबपट्टीवर हमाली, तोलाई वजा व्हायची. समजा एखाद्या पट्टीवर कपात शून्य लिहिलं असेल तर शेतकऱ्याला शून्य पैसे मिळाले असं आपण म्हणतो का? पूर्ण पैसे हातात आले असं म्हणतो. तसंच हे, ० डीबी म्हणजे कपात शून्य, क्रॉसओव्हरमधून (जाडा आवाज वूफरला आणि उंच आवाज ट्वीटरला वाटून देणारं सर्किट) जेवढं आलं तेवढं सगळं ट्वीटरला. मायनस ६ म्हणजे त्यातला व्होल्टेज अर्धा, म्हणजे पॉवर पाव. आणि ऑफ म्हणजे ऑफ. म्हणून मला विचाराल तर ह्या बटणाला ‘कपात’ म्हणावं. पाठ्यपुस्तकी ‘क्षीणक’ वगैरे शब्द कुणाच्या तोंडी बसणार नाही, पण कपात हा रोजच्या बोलण्यातला आहे आणि त्यात मुख्य गोष्ट सांगितली जाते की हे बटण फक्त कमी करतं, कधीच वाढवत नाही. फुल म्हणजे जसं आलं तसं, त्याच्या पुढं काही नाही.

काही कॅबना स्विचऐवजी फिरवायची नॉब असते, तिला एल-पॅड म्हणतात. एल म्हणजे इंग्रजी अक्षर एल, एक रोध (रेझिस्टर) वाटेत आणि एक आडवा, अशी सर्किटची आकृती होते म्हणून. साधा एकच रोध टाकला असता तरी आवाज कमी झाला असता, मग दोन का? तर क्रॉसओव्हरला पुढं कायम तेवढाच रोध, समजा ८ ओहम, दिसायला हवा म्हणून, नाहीतर आवाज जिथं वाटला जातो ती जागाच सरकते. दोन्ही रोध एकदम बदलतात आणि क्रॉसओव्हरला काही कळतच नाही. मला तरी ही फार सुंदर युक्ती वाटते.

— ह्यावर तिसऱ्यांचा प्रश्न

काका, पण मग ट्रेबल आणि कपात एकच ना? दोन्हीनं टोकदारपणा कमीच होतो. आणि बेसला मुळात चिवचिव हवीच कशाला?

— उत्तर

एकच नाही, आणि वरच्या दादांचा घोळ तिथंच झाला. ट्रेबल अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे सिग्नल कॅबला जायच्या आधी. तो खाली आणला की वूफरला जाणारा पण टोकदारपणा जातो, म्हणून गोधडी. कपात फक्त हॉर्नच्या वाटेवर आहे, मोठे ४ स्पीकर जसे वाजतात तसेच वाजत राहतात. आधी कपात बघायची, मग ट्रेबलला हात लावायचा, माझा क्रम हाच.

बेसला चिवचिव कशाला हे बरोबर विचारलंत. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाडी तार ४१ हर्ट्झच्या आसपास, पाच तारांच्या बेसवरची ‘बी’ तार ३१, सगळ्यात बारीक ‘जी’ तार मोकळी ९८, आणि २४ व्या पडद्यावर (फ्रेटवर) सुद्धा ती ३९२ पर्यंतच जाते. ट्वीटर बहुतेक कॅबमध्ये दोन-तीन हजार हर्ट्झच्या पुढंच चालू होतो, म्हणजे एकही मूळ सूर तो वाजवत नाही. तो वाजवतो नखाचा, बोटाचा, तार पडद्यावर आपटण्याचा आवाज आणि वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराबरोबर निघणारे उंच सूर). आपल्या नाशिक ढोलावरून बघा, गल्लीच्या टोकावरून पथक येतं तेव्हा नुसती धूम येते, जवळ आलं की टिपरूचा टक् ऐकू येतो आणि मग कळतं कोण कसं वाजवतंय. तो टक् म्हणजे ट्वीटरचं काम. स्लॅप, म्हणजे अंगठ्यानं तारेवर आपटून वाजवणाऱ्याला तो हवाच. पण मध्ये ओव्हरड्राइव्हचा (आवाज फाटका, खरखरीत करणारा) पेडल घातला की तेच हॉर्न माश्या घोंघावल्यासारखा आवाज काढतं, तिथं सरळ ऑफ. अँपेग कंपनीचा तो उंच, १० इंची ८ स्पीकरवाला प्रसिद्ध कॅब आहे ना, त्यात हॉर्न मुळातच नाही आणि तरी लोक त्याच्यावर जीव टाकतात, त्यामुळे ऑफ करणं म्हणजे कमीपणा असं अजिबात समजू नका.

एक मात्र करा, सेटिंग ठरवताना कॅबच्या समोर कान नेऊन बघा. आपण उभे असतो, कॅब गुडघ्याशी असतो, हॉर्नचा आवाज सरळ पुढं जातो आणि आपल्याला वाटतं कमीच आहे. पहिल्या रांगेतला माणूस मात्र कान धरून बसलेला असतो. हे कालिदास कलामंदिराच्या स्टेजवर आणि घरच्या खोलीत दोन्हीकडं खरं आहे.

आणि कपात फिरवून काहीच फरक पडत नसेल तर बटणाला दोष द्यायच्या आधी हॉर्न जिवंत आहे का बघा. डाव्या हातानं तारा दाबून मुक्या करा, उजव्यानं टकटक करा, आवाज बारीक ठेवा, आणि पेपरची सुरळी करून एक टोक कानाला, दुसरं हॉर्नपाशी. मी एकदा असाच एक मुका कॅब उघडला तर आत क्रॉसओव्हरच्या पट्टीवर गाडीच्या दिव्यासारखा छोटा बल्ब, काच काळी पडलेली, आतली तार तुटलेली. तो ट्वीटरला वाचवायला असतो, पॉवर जास्त झाली की पेटतो आणि ती ऊर्जा स्वतः खातो. बल्ब बदलला, हॉर्न चालू.

— सिडकोवाले परत

काका, आज परत त्याच रूमवर गेलो होतो. ट्रेबल मधोमध, स्विच मायनस ६ वर. सूंऽऽ जवळजवळ गेलं आणि बोटाचा टक् राहिला. तिथल्या माणसाला ‘कपात सहाची ठेवलीये’ म्हणून सांगितलं, तर तो एक क्षण थांबला आणि म्हणाला, हां, कळलं. मग स्विचशेजारी चिकटपट्टी लावून त्यानं स्केचपेननं शून्याच्या पुढं ‘कपात नाही’ असं लिहून ठेवलं.