१७ वर्षांच्या गाडीच्या स्प्रिंगा आणि स्ट्रट: नेमके काय बदलावे?

जुनी चारचाकी:

माझ्याकडे १७ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक असून तिचे १,६०,००० किलोमीटर पूर्ण झाले आहेत. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकाच खांबात असलेली रचना) आणि मागे आडव्या बीमवर वेगळी स्प्रिंग व वेगळा शॉक अब्सॉर्बर अशी तिची रचना आहे. अलीकडे गतिरोधकावरून उतरल्यावर गाडीचे नाक दोन-तीन वेळा वरखाली झुलते, खड्ड्यात धातूवर धातू आदळल्यासारखा धक्का बसतो आणि गाडी पुढून बसल्यासारखी दिसते. पुढच्या उजव्या स्ट्रटवर तेलाचा ओघळ आहे, डावा मात्र कोरडा आहे.

माझ्या मेकॅनिकच्या मते फक्त गळका स्ट्रट बदलावा आणि उंचीसाठी स्प्रिंगेच्या वेटोळ्यांमध्ये रबरी ठोकळे बसवावेत. दुसरा पर्याय म्हणजे मूळ मापाच्या स्प्रिंगा आणि स्ट्रट हे दोन्ही नवे घालणे. तिसऱ्या पर्यायाचा मला मोह होत आहे, हे कबूल करतो. तो म्हणजे गाडी ३० मिलिमीटर खाली आणणाऱ्या आणि मूळच्यापेक्षा २५ टक्के कडक असलेल्या स्प्रिंगा. त्यांनी गाडी वळणावर कमी कलंडेल अशी माझी समजूत आहे. गाडी अजून निदान ५ वर्षे रोजच्या वापरात ठेवायची आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाना चौदाचा:

आपल्या तक्रारीत दोन निराळे दोष एकमेकांत मिसळले आहेत, आणि ते वेगळे केल्याशिवाय सुट्या भागांची यादी करू नये. गाडी किती उंचीवर उभी राहते हे स्प्रिंग ठरवते, तर धक्क्यानंतर तिचे झुलणे किती लवकर थांबते हे स्ट्रटच्या आतला डॅम्पर, म्हणजे शॉक अब्सॉर्बर, ठरवतो. त्यामुळे नवा स्ट्रट घालून बसलेली गाडी उठत नाही आणि नवी स्प्रिंग घालून झुलणारी गाडी थांबत नाही.

स्प्रिंग ‘ढिली पडली’ असे आपण सर्रास म्हणतो, पण ते काटेकोर नाही. स्प्रिंगेचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या आणि पोलादाचा मूळ गुणधर्म यांवरून ठरतो, आणि गंजून तार झिजली नसेल तर यांपैकी काहीही वयोमानाने फारसे बदलत नाही. वर्षानुवर्षे भाराखाली राहून कमी होते ती स्प्रिंगेची मोकळी, म्हणजे भार नसतानाची, लांबी. म्हणजे बसलेली स्प्रिंग जवळपास पूर्वीइतकीच कडक असते, पण गाडीला ती खालच्या पातळीवर धरते, चाकाला वर येण्यासाठी जागा कमी उरते आणि एरवी सहज पचणारा खड्डाही बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे चाकाची वरची धाव अडवणाऱ्या फोमच्या ठोकळ्यापर्यंत, पोहोचतो. त्या वयाच्या गाडीत बंप स्टॉपचा फोम बहुधा भुगा होऊन गेलेला असतो, त्यामुळे आपल्याला ऐकू येणारा धातूचा आवाज तिथूनच येत असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

म्हणून आधी उंची मोजावी. सपाट जागी, टायरमध्ये योग्य हवा भरून, गाडी रिकामी असताना आणि थोडी पुढेमागे ढकलून मोकळी केल्यावर, चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर घ्यावे. जमिनीपासून मोजल्यास टायरची झीज आणि हवेचा दाब त्या मापात घुसतो. मिळालेले आकडे गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहावेत.

रबरी ठोकळ्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ते बसवू नयेत. ठोकळा एका वेटोळ्याला जखडतो, त्याच्या वाट्याचे काम उरलेल्या वेटोळ्यांवर पडते आणि जुन्या पोलादावरचा ताण आणखी वाढतो. शिवाय ठोकळ्याखाली माती व पाणी अडकून रंग निघतो, आणि रंग निघालेल्या, गंज धरलेल्या जागीच स्प्रिंगा तुटतात.

एकच स्ट्रट बदलणेही योग्य नाही. डावा कोरडा दिसत असला तरी त्याच्या आतले व्हॉल्व्ह आणि पिस्टनची सील उजव्याइतकीच वापरली गेली आहेत. ती झीज बाहेर तेलाच्या रूपाने दिसेलच असे नाही. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला डॅम्पर असला की खडबडीत रस्त्यावर ब्रेक लावताना दोन्ही चाके जमिनीला सारखी चिकटून राहत नाहीत. एका ॲक्सलवरचे दोन्ही भाग नेहमी जोडीनेच बदलावेत.

जुनी चारचाकी:

आपण सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले. पुढे डावीकडे ३५१, उजवीकडे ३५७, आणि पुस्तिकेत ३७५ मिलिमीटर दिले आहे. मागे ३६२ आणि ३६४, तर पुस्तिकेत ३७०. म्हणजे पुढे सुमारे २० मिलिमीटरची घट आहे, मागे मात्र ती किरकोळ वाटते. रबरी ठोकळ्यांचा विचार सोडून दिला आहे. तरीही खाली आणणाऱ्या स्प्रिंगांचा मोह सुटलेला नाही, कारण गाडी आधीच २० मिलिमीटर खाली आहे आणि दिसायला ती वाईट दिसत नाही!

दोलक:

दिसायला वाईट दिसत नाही हे मान्य, पण खड्ड्यात जो धक्का बसतो तो त्याच २० मिलिमीटरचा आहे.

थोडे गणित मांडतो. समजा, मूळ उंचीवर उभ्या असलेल्या गाडीत बंप स्टॉप लागेपर्यंत चाकाला ६० मिलिमीटर मोकळीक आहे. गाडी ३० मिलिमीटर खाली आणली की ती निम्मी होते. स्थिर अवस्थेपासून पुढे दबताना स्प्रिंग जी जास्तीची ऊर्जा पचवते ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून निम्म्या अंतरात तेवढाच धक्का पचवायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवी. तुमच्या मनात असलेल्या स्प्रिंगा २५ टक्केच कडक आहेत. उरलेला धक्का बंप स्टॉप, माउंटिंग आणि बॉडीचे पत्रे सोसणार.

दुसरी गोष्ट डॅम्परची. एका पुढच्या चाकावर टेकलेले वस्तुमान ३०० किलो आणि स्प्रिंगेचा कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन धरला, तर गाडीच्या झुलण्याची वारंवारता सेकंदाला १.३ च्या आसपास येते, आणि प्रवासी गाडीला हे शोभते. कडकपणा २५ टक्के वाढवला की ती १.४५ होते, आणि झुलणे पूर्वीसारखेच आवरायचे तर डॅम्परचा विरोध सुमारे १२ टक्क्यांनी वाढावा लागतो. मूळ मापाचा स्ट्रट त्या स्प्रिंगेखाली अगदीच निकामी ठरणार नाही, पण नवा असूनही तो अर्धवट थकल्यासारखा वागेल.

कलंडण्याबद्दलची तुमची समजूत अर्धी बरोबर आहे. मॅकफर्सन रचनेत गाडी खाली आणली की लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बाहेरचे टोक आतल्या टोकाच्या तुलनेत वर जाते आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. दोहोंमधले अंतर, म्हणजे कलंडवणाऱ्या बलाची तरफ, उलट लांब होते. स्प्रिंगेच्या कडकपणातून मिळालेला फायदा काही प्रमाणात तिथेच खर्च होतो. रोजच्या गाडीत वळणावरचे कलणे कमी करायचे असेल, तर आधी अँटी-रोल बारचे (डावे-उजवे चाक जोडून कलणे आवरणाऱ्या दांड्याचे) झिजलेले रबरी बुश आणि लिंक बदलून पाहावेत. हा उपाय कुणाला मिरवता येत नाही, म्हणून बहुधा सुचतही नाही.

निवृत्त फोरमन:

डाव्या-उजव्यातला ६ मिलिमीटरचा फरक माझ्या नजरेत भरला. नवे भाग मागवण्यापूर्वी गाडी जॅकवर नव्हे, तर पक्क्या स्टँडवर घेऊन डाव्या स्प्रिंगेचे सर्वात खालचे वेटोळे नीट धुवावे आणि टॉर्चच्या प्रकाशात तपासावे. स्प्रिंग ज्यात टेकते त्या स्ट्रटच्या वाटीत तिथे चिखल साचतो, तार वाटीवर घासून रंग जातो आणि गंजलेल्या जागी तुकडा पडतो. तुटलेले टोक वाटीतच बसून राहिल्यामुळे गाडी महिनोन् महिने चालते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. तुकडा निसटला तर मात्र तुटलेले टोक टायरला भिडू शकते.

त्याच वेळी स्प्रिंगेवर रंगाचे ठिपके किंवा पट्टे दिसतात का ते पाहावे. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल आणि डिझेल, एसी असलेली आणि नसलेली, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक अशा गाड्यांच्या स्प्रिंगा निरनिराळ्या असू शकतात, कारण नाकावरचे वजन बदलते. ‘या मॉडेलची स्प्रिंग द्या’ एवढ्यावर भागत नाही. १७ अक्षरी चॅसिस क्रमांकावरून भागाचा क्रमांक काढणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

जुनी चारचाकी:

फोरमनसाहेब, आपला अंदाज अचूक ठरला. डाव्या स्प्रिंगेच्या खालच्या टोकाचा बोटभर लांबीचा तुकडा तुटून वाटीत पडलेला सापडला. उजव्या स्प्रिंगेवर दोन पांढरे आणि एक हिरवा ठिपका अजून वाचता येतो, आणि चॅसिस क्रमांकावरून मिळालेल्या भागाच्या वर्णनाशी तो जुळतो. मूळ मापाच्या स्प्रिंगा आणि दोन्ही पुढचे स्ट्रट घेण्याचे ठरवले आहे. परंतु एका उत्पादकाच्या स्प्रिंगेची मोकळी लांबी मूळ स्प्रिंगेपेक्षा १२ मिलिमीटरने कमी आहे. ती चुकीची समजावी का? तसेच, मूळ स्ट्रट फक्त तेलाचे होते आणि आता मिळणारे गॅसचे आहेत. त्याने काही बिघडेल का?

निवृत्त फोरमन:

नुसत्या मोकळ्या लांबीवरून निर्णय देता येत नाही. थोडी आखूड पण थोडी कडक स्प्रिंग भाराखाली नेमक्या त्याच उंचीवर उभी राहू शकते. व्हर्नियरने तारेची जाडी मोजावी आणि जुन्या तारेवर रंगाचे थर असतील तर ते खरवडून मग मोजावे. कडकपणा जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्यामुळे १२ ऐवजी १२.३ मिलिमीटरची तार असली, की बाकी सर्व सारखे असताना स्प्रिंग सुमारे १० टक्के कडक होते. वेटोळ्यांची संख्या आणि व्यासही ताडून पाहावेत. टोकाच्या वेटोळ्याचा आकार वाटीत बसत नसेल, तर बाकीचे सगळे जुळूनही ती स्प्रिंग परत करावी.

गॅसच्या स्ट्रटने बिघडत काही नाही. दुहेरी नळीच्या स्ट्रटमध्ये कमी दाबाचा नायट्रोजन तेलाला फेस येऊ देत नाही. हा दाब दांड्याला बाहेर ढकलतो, एवढेच ध्यानात ठेवावे. दांडा २० मिलिमीटर जाडीचा आणि दाब ५ बार धरला तर सुमारे १६ किलोचा रेटा मिळतो, आणि दोलक यांनी धरलेल्या स्प्रिंगेवर त्यामुळे गाडी ८ मिलिमीटरच्या आसपास उचलली जाते. नंतर उंची थोडी जास्त भरली तर स्प्रिंगेला दोष देऊ नये.

वरचे रबरी माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर याच वेळी नवे घालावेत. स्टीअरिंग वळवताना स्प्रिंग टणत्कार करून उसळते ती बहुधा जाम झालेल्या बेअरिंगमुळे. स्प्रिंग दाबण्याचे काम योग्य कॉम्प्रेसर नसेल तर स्वतः करू नये. १५० मिलिमीटर दाबलेली तुमची स्प्रिंग ३०० किलोच्या जोराने सुटायची वाट पाहत असते. नवा स्ट्रट बसवण्यापूर्वी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून सोडावा, म्हणजे आडवा ठेवल्यामुळे आतल्या नळीत शिरलेला गॅस वर निघून जातो. मेकॅनिक दांडा पकडीने धरून वरचा नट आवळू लागला तर त्याला तिथेच थांबवावे, कारण क्रोमवर उठलेला एक ओरखडा नवी सील काही महिन्यांत कापतो. लोअर आर्मचे बुश सैल केले असतील तर ते गाडी चाकांवर उभी केल्यावरच आवळावेत. शेवटी अलाइनमेंट करावे, पण स्प्रिंगा थोड्या बसण्यासाठी आधी काही दिवस गाडी चालवून, आणि त्या दिवशी चारही चाकांची उंची पुन्हा मोजून ती इथे कळवावी.